ललितेतर वाचनासाठी ई-रीडर : वर्षभराच्या वापरानंतर

गेले वर्षभर मी माझे बहुतेक ललितेतर वाचन सात इंची पडद्याच्या एका ई-रीडरवर केले. चरित्रे, विज्ञानाची पुस्तके, इतिहास, प्रवासवर्णने, दोन-तीन कोश आणि स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे सर्वांना खुले झालेले अनेक जुने ग्रंथ, अशी साठएक पुस्तके या काळात त्यावर वाचून किंवा चाळून झाली. ई-रीडरचे जे अभिप्राय वाचायला मिळतात ते बहुधा कादंबऱ्या वाचणाऱ्यांनी लिहिलेले असतात. त्यांत बॅटरी किती दिवस पुरते, उन्हात अक्षर दिसते का, पान उलटायला किती वेळ लागतो याची चर्चा असते आणि कादंबरीसाठी तेवढी पुरेशीही असते, कारण कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचली जाते. ललितेतर पुस्तकाचे तसे नसते. तिथे मागे जावे लागते, टीप पाहावी लागते, नकाशा उघडा ठेवून मजकूर वाचावा लागतो, लेखकाने दिलेला आकडा आला कुठून हे शोधावे लागते. या पुस्तकांनी काही शतके सामान्य वाचकाला शहाणे केले, ते माहितीबरोबरच ती पडताळून पाहण्याची सोय त्याच्या हाती देऊन. पानाचा क्रमांक, सूची, तळटीप, संदर्भ, आकृती आणि आवृत्तीचा उल्लेख या सगळ्या गोष्टी त्या सोयीसाठी एकेक करून घडत गेल्या. हे यंत्र त्या सोयीचे काय करते, एवढ्याच दृष्टीने मी पुढे लिहीत आहे. यंत्राच्या कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण ज्या दोषांबद्दल बोलायचे आहे ते थोड्याफार फरकाने या जातीच्या सगळ्याच यंत्रांत आणि त्यांवर विकल्या जाणाऱ्या पुस्तकांत आहेत.

चांगल्या बाजूविषयी आधी, आणि मनापासून. पडद्यावरची शाई म्हणजे सूक्ष्म कुप्यांमध्ये भरलेले काळे आणि पांढरे कण. विजेचा दाब दिला की ते वर-खाली होतात आणि मग वीज नसली तरी आहेत तिथेच थांबतात. त्यामुळे पान उलटतानाच काय ती वीज लागते, डोळ्यांवर फोनच्या काचेसारखा ताण येत नाही, आणि रोज दोन तास वाचूनही मला दोन-अडीच आठवड्यांतून एकदाच चार्ज करावे लागते. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि ही सोय ज्यांच्या घरात वयस्क वाचक आहेत त्यांना वेगळी सांगायला नको. आठशे पानांचे चरित्र आडवे पडून एका हातात धरता येते. सर्वात मोठी गोष्ट म्हणजे जे ग्रंथ एकेकाळी मोजक्या ग्रंथालयांत कुलपात असत ते आज कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. मायकेल फॅराडे लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता तेव्हा बांधणीसाठी आलेल्या ब्रिटानिका कोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक त्याच्या हाती पडले, आणि ती वाचून त्याने फावल्या वेळात प्रयोग सुरू केले. ते पुस्तक त्याच दुकानात बांधणीला आले हा योगायोग होता. या यंत्रामुळे तसा योगायोग घडण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि खाली मी जी तक्रार करणार आहे ती वाचताना हे ऋण विसरू नये अशी माझी विनंती आहे.

पहिली अडचण पानांच्या क्रमांकांची, आणि ती पहिल्याच महिन्यात लक्षात आली. आम्ही चौघे मित्रमैत्रिणी दर पंधरवड्याला एकेका पुस्तकावर बोलायला बसतो. साथीच्या रोगांच्या इतिहासावरचे एक पुस्तक निवडले होते. एका मैत्रिणीकडे कागदी प्रत होती, मी ई-रीडरवर वाचत होतो, एकाचे यंत्र वेगळ्या कंपनीचे होते आणि एक जण फोनवर वाचत होता. "एकशे बारा पान काढा," असे ती म्हणाली आणि आम्हा तिघांकडे एकशे बारा क्रमांकाचे पानच नव्हते. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात ३७ टक्के असे दिसत होते, दुसऱ्या यंत्रावर चार आकडी स्थानक्रमांक होता, फोनवर तिसरेच काही. शेवटी तिने ते वाक्य मोठ्याने वाचले, त्यातला एक विरळा शब्द आम्ही शोधायला टाकला आणि तिथवर पोहोचलो. पाच मिनिटे गेली, आणि तोवर चर्चेचा धागा सुटला होता.

ही अडचण नवी नाही. हस्तलिखितांच्या काळात एकाच ग्रंथाच्या कोणत्याही दोन प्रतींची पाने जुळत नसत, कारण नकलाकाराचे अक्षर आणि कागदाचा आकार प्रत्येक वेळी वेगळा असे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये ह्यू द सँ-शेर या डॉमिनिकन धर्मपंडिताच्या देखरेखीखाली बायबलचा शब्दानुक्रम कोश तयार झाला, तेव्हा नेमक्या याच प्रश्नाने त्या मंडळींना अडवले होते. त्यांनी प्रत्येक अध्यायाचे मनाने सात भाग कल्पिले आणि त्यांना पहिली सात अक्षरे दिली. अमुक अध्याय, चौथे अक्षर असे म्हटले की प्रत कोणाचीही असो, वाचक साधारण त्याच जागी पोहोचे. पुढे मुद्रण आले. कोलोन येथे १४७० साली छापलेल्या एका छोट्या प्रवचनाच्या पुस्तिकेत कागदावर छापील क्रमांक दिसतो, आणि हळूहळू तो प्रघात सगळीकडे पसरला. एका आवृत्तीच्या हजार प्रतींमध्ये एकच वाक्य एकाच पानावर असणे ही आज आपल्याला किरकोळ वाटणारी गोष्ट आहे, पण एकमेकांना कधी न भेटलेली दोन माणसे एकाच ओळीवर बोट ठेवून वाद घालू शकतात ती तिच्यामुळे. ज्ञान सार्वजनिक होते याचा एक साधा अर्थ मला तो वाटतो.

ई-रीडरवर अक्षराचा आकार बदलला की सगळी पाने नव्याने मांडली जातात, म्हणजे आपण पुन्हा हस्तलिखिताच्या अवस्थेत जातो, आणि यंत्र जो स्थानक्रमांक देते तो त्या कंपनीच्या घराबाहेर कोणाला उमगत नाही. ई-पुस्तकाच्या प्रचलित मांडणीत छापील पानांच्या खुणा आत पेरून ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे दोष तंत्राचा नाही. पण ते काम प्रकाशकाने करावे लागते आणि माझ्याकडच्या पुस्तकांपैकी फार थोड्यांत ते केलेले आढळले. ते जमत नसेल तर निदान प्रत्येक प्रकरणातल्या परिच्छेदांना क्रमांक द्यावेत. आठशे वर्षांपूर्वीचा तोडगा आजही तितकाच चालेल.

सूचीचे दुखणे याहून मोठे आहे. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात निसर्गाविषयीचा ३७ भागांचा ग्रंथ लिहिला, आणि त्याचा पहिला संपूर्ण भाग म्हणजे पुढच्या भागांत काय आहे आणि ते कोणत्या लेखकांकडून घेतले याची यादी आहे. पुढे रोमन सम्राट झालेल्या टायटसला उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत तो सांगतो, की तुम्हाला सगळे वाचावे लागू नये, ज्याला जे हवे ते त्याला सापडावे, म्हणून मी हे केले आहे. सगळे वाचावे लागू नये ही ललितेतर पुस्तकाची फार जुनी प्रतिज्ञा आहे आणि पुस्तकाच्या शेवटची, कोणता विषय कोणत्या पानावर आहे हे सांगणारी सूची हे तिचे विकसित रूप आहे. माझ्या वाचनात आलेल्या ई-पुस्तकांपैकी काहींत सूची आहे, पण तिच्यातले आकडे छापील पानांचे आहेत आणि त्यांवर बोट ठेवले तर काहीच घडत नाही. काहींत प्रकाशकाने सूची पूर्ण गाळली आहे आणि यंत्रातली शोधाची सोय वापरावी असे एका ओळीत सुचवले आहे.

शोध म्हणजे सूची नव्हे, हे मला वर्षभरात रोज जाणवले. यंत्र अक्षरे जुळवते, सूचीकार विषय ओळखतो. एका शास्त्रज्ञाच्या चरित्रात मला त्याच्या आर्थिक ओढाताणीविषयीचे उल्लेख एकत्र पाहायचे होते. लेखकाने कुठे भाडे थकल्याचे लिहिले होते, कुठे घड्याळ विकल्याचे, कुठे भावाकडून मागवलेल्या रकमेचे, पण "दारिद्र्य" हा शब्द उभ्या पुस्तकात एकदाच आला होता. चांगल्या सूचीकाराने हे सगळे एका नोंदीखाली आणून ठेवले असते. उलट त्या शास्त्रज्ञाचे नाव शोधले तर साडेआठशे ठिकाणे दाखवून यंत्र स्वस्थ राहते. सूची करणे हे पुस्तक पूर्ण समजून घेतलेल्या माणसाचे काम आहे, आणि ते गाळून प्रकाशकाने जो खर्च वाचवला त्याची भरपाई प्रत्येक वाचकाला आपल्या वेळाने करावी लागते.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर शोधाची सोय आणखी अपुरी पडते, आणि हे मी कोणत्याही अभिप्रायात वाचलेले नाही म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मराठी शब्दाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे सामान्यरूप होते. "पाणी" शोधायला टाकले तर "पाण्याचा", "पाण्यात", "पाण्यावर" यांपैकी एकही सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. विहिरींवरच्या एका पुस्तकात मी "विहीर" शोधले आणि यंत्राने फक्त आठ जागा दाखवल्या. "विहिरी" असे ऱ्हस्व करून टाकल्यावर ती संख्या शंभराच्या वर गेली. शब्दकोशाचेही तेच होते. "पाण्याच्या" या शब्दावर बोट दाबून धरले की अर्थ सापडला नाही असे उत्तर येते. जुन्या ग्रंथांच्या बहुतेक प्रती तर पानांची नुसती छायाचित्रे असतात, त्यांत शोध चालतच नाही. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड यंत्रात मावतात हे पाहून मला विलक्षण आनंद झाला होता. त्यातला एक लेख शोधायला मात्र खंडाचा क्रमांक आधी माहीत असावा लागतो आणि मग अंदाजाने पाने पुढे-मागे सारावी लागतात. कागदी खंड हातात असता तर कोपऱ्यातले शीर्षशब्द पाहत अर्ध्या मिनिटात तिथे पोहोचलो असतो.

टिपांच्या बाबतीत निकाल संमिश्र आहे. टिपेच्या आकड्यावर बोट ठेवले की पडद्याच्या खालच्या भागात छोटी चौकट उघडते आणि टीप तिथल्या तिथे वाचता येते. लहान टिपांसाठी ही व्यवस्था छापील पुस्तकापेक्षा निश्चितच सरस आहे, आणि प्रकाशकांनी तळटीपा पुस्तकाच्या शेवटी ढकलायला सुरुवात केल्यापासून वाचकाचे जे हाल चालले होते ते तिने संपवले आहेत. टीप लांब असली की मात्र चौकट पुरत नाही, मग ती उघडायला वेगळ्या पानावर जावे लागते आणि परतताना कधी कधी आधीची जागा हरवते. पियेर बेल याने रॉटरडॅम येथे १६९७ साली प्रसिद्ध केलेल्या ऐतिहासिक व चिकित्सक कोशाची रचना आठवावी. कित्येक पानांवर वर मूळ मजकुराच्या चार-दोन ओळी आणि खाली उरलेले सबंध पान टिपांनी भरलेले. नोंद वर होती आणि ती कितपत खरी, कोण काय म्हणाले, कोणाचे कुठे चुकले याची छाननी खाली होती. एका दृष्टिक्षेपात विधान आणि त्याचा पुरावा दोन्ही दिसावेत, ही त्या पानाची खरी करामत होती, आणि सात इंची पडद्यावर ती उतरवणे कोणालाही जमलेले नाही.

याच संदर्भात रेचेल कार्सन यांच्या "सायलेंट स्प्रिंग"चा उल्लेख करायला हवा. कीटकनाशकांच्या बेछूट वापराविरुद्धचे हे पुस्तक १९६२ साली आले तेव्हा रसायन उद्योगाने त्याच्यावर आणि लेखिकेवर जोरदार हल्ला चढवला. पुस्तक तगून राहिले याचे एक कारण म्हणजे शेवटी जोडलेली पन्नासहून अधिक पानांची संदर्भांची यादी. ती पाहून कोणीही मूळ शोधनिबंधापर्यंत जाऊ शकत होता. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने तिच्या प्रतिपादनाला मोठ्या प्रमाणात दुजोरा दिला आणि १९७२ साली अमेरिकेत डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. त्या यादीची मांडणी मात्र टीपक्रमांकांनी केलेली नाही, अमुक पानावरील अमुक विधानासाठी अमुक संदर्भ, अशी पानांच्या क्रमांकांवर बेतलेली आहे. सामान्य वाचकाला मजकुरात आकडे टोचू नयेत म्हणून आजही अनेक लोकप्रिय पुस्तकांत हीच पद्धत वापरतात. आता पानांचे क्रमांकच नाहीसे झाले तर अशा यादीचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. माझ्याकडच्या एका अलीकडच्या पुस्तकात असेच झाले आहे. शेवटी संदर्भांची चाळीस पडदे लांब यादी आहे, प्रत्येक नोंदीमागे पानाचा आकडा आहे आणि त्या आकड्याला पुस्तकात कुठेही जागा नाही. एका विधानाचा आधार शोधायला मी सबंध संध्याकाळ घालवली आणि तो सापडला तेव्हा लेखकाने आकडा बरोबर दिला होता. संदर्भ होता, लेखकाने कष्टही घेतले होते, पण वाचक आणि तो यांच्यामधला पूल यंत्रात येताना तुटला होता.

आता चित्रे, आणि इथे मी अधिक थांबणार आहे. रॉबर्ट हूक यांचे "मायक्रोग्राफिया" लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६५ साली प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या पिसवेचे चित्र त्यात घडीच्या पानावर छापलेले आहे आणि उलगडले की ते सुमारे दीड फूट लांब होते. दैनंदिनीकार सॅम्युअल पेपीस याने हे पुस्तक रात्री दोन वाजेपर्यंत बसून वाचले आणि आयुष्यात वाचलेल्या पुस्तकांत सर्वांत कल्पक असे त्याचे वर्णन केले. डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव हातभर लांब होऊन समोर पसरला तेव्हा त्या काळच्या वाचकाला काय वाटले असेल याची कल्पना करावी. मी हे पुस्तक एका विनामूल्य संग्रहातून उतरवून घेतले. पिसवेच्या पानावर आलो तेव्हा समोर एक घडी घातलेला पिवळट कागद होता. स्कॅन करणाऱ्याने घडी उलगडलीच नव्हती, वरच्या बाजूला पायांची काही टोके तेवढी दिसत होती. दुसऱ्या संग्रहातल्या प्रतीत चित्र उलगडलेले होते, पण यंत्राच्या पडद्यावर ती पिसू माझ्या अंगठ्याएवढी झाली होती. मोठे केले तर एका वेळी एक पाय दिसे.

अँड्रियास व्हेसालियस यांच्या शरीररचनेवरील १५४३ सालच्या ग्रंथाचीही तीच गत होते. त्याचे लाकडी ठसे व्हेनिसला कोरले गेले आणि आल्प्स पर्वत ओलांडून छपाईसाठी बाझलला नेण्यात आले. त्या आकृत्यांवर स्नायू आणि हाडांपाशी बारीक अक्षरे कोरलेली आहेत आणि शेजारच्या मजकुरात त्या अक्षरांचे स्पष्टीकरण आहे. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो हे प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनचे मत शतकानुशतके चालत आले होते, तो एकाच हाडाचा असतो हे व्हेसालियस यांनी दाखवले. आकृती आणि तिचे स्पष्टीकरण एकत्र पाहता आले तरच वाचक स्वतः डोळ्यांनी ते तपासू शकतो. यंत्रावर आकृती मोठी केली की स्पष्टीकरण पडद्याबाहेर जाते आणि स्पष्टीकरण पाहिले की आकृतीवरची अक्षरे ठिपके होतात. माझ्या यंत्राच्या पडद्यावर दर इंचाला ३०० ठिपके आहेत, स्पष्टपणा कमी नाही, कमी आहे ती जागा.

आणि इंग्रज डॉक्टर जॉन स्नो यांचा नकाशा. लंडनच्या सोहो भागात १८५४ साली पटकीची साथ पसरली तेव्हा तिचे मूळ ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्यात आहे असे स्नो यांनी मांडले आणि दुसऱ्या वर्षीच्या पुस्तकात नकाशा जोडला. प्रत्येक मृत्यूमागे घरासमोर एक आडवी काळी रेघ आहे. पंपाभोवती रेघांच्या चळती लागल्या आहेत. पण त्या नकाशात रेघा जितके सांगतात तितकेच रिकाम्या जागाही सांगतात. पंपाजवळच एक अनाथगृहवजा श्रमगृह होते. त्यातल्या ५३५ रहिवाशांपैकी फक्त पाच जण पटकीने दगावले, कारण त्याची स्वतःची विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते आणि त्यांच्यातला एकही गेला नाही, कारण ते तिथली बिअर पीत आणि आवारात स्वतंत्र विहीरही होती. काळ्या गर्दीच्या मधोमध या जागा कोऱ्या दिसतात, हे सगळे एका वेळी समोर असेल तरच ध्यानात येते. यंत्रावर पूर्ण नकाशा घेतला तर रेघा एकमेकींत मिसळून राखाडी डाग होतात, आणि मोठा केला तर जो चौक दिसतो त्याच्या आजूबाजूला काय आहे हे कळत नाही. माहिती सगळी आहे, फक्त युक्तिवाद दिसेनासा झाला आहे. तक्ते आणि कोष्टके यांचा अनुभव याहून वाईट आहे. सहा रकान्यांपेक्षा मोठे कोष्टक घेऊन या यंत्राच्या वाटेस जाऊ नये एवढेच सांगतो.

आवृत्त्यांच्या बाबतीत मला एक विचित्र अनुभव आला. डार्विनच्या "ओरिजिन ऑफ स्पीसीज"ची एक विनामूल्य प्रत माझ्याकडे होती आणि तिच्या मुखपृष्ठावर १८५९ असे वर्ष होते. वाचता वाचता त्यात "योग्यतमाचा टिकाव" या अर्थाचा तो प्रसिद्ध शब्दप्रयोग आला आणि मी थबकलो, कारण तो डार्विनने १८६९ सालच्या पाचव्या आवृत्तीत प्रथम घातला होता. मग मूळ इंग्रजीतला "इव्होल्यूशन" हा शब्द शोधायला टाकला. तोही सापडला, आणि तो तर १८७२ सालच्या सहाव्या आवृत्तीतला आहे. म्हणजे वर वर्ष पहिल्या आवृत्तीचे आणि आत मजकूर सहाव्या आवृत्तीचा. तेरा वर्षांत डार्विनने आक्षेपांना उत्तरे देत हे पुस्तक किती बदलले होते ते माहीत असलेल्यास हा फरक मामुली वाटणार नाही. ही लबाडी पकडायला यंत्राच्या शोधाने मला दोन सेकंदांत मदत केली हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. छापील प्रतीत ते करायला कित्येक दिवस लागले असते.

पण विकत घेतलेली ई-पुस्तकेही न सांगता बदलू शकतात, ही बाब मला अधिक अस्वस्थ करते. प्रकाशकाने सुधारित फाइल पाठवली की जुनी तिच्याखाली जाते, आणि काय बदलले याची नोंद बहुधा कुठेच नसते. दिदरो आणि दालांबेर यांच्या फ्रेंच विश्वकोशाच्या शेवटच्या खंडांवर मुद्रक ल ब्रतों याने शासनाच्या भीतीने परस्पर कात्री चालवली होती. दिदरोला ते १७६४ साली, स्वतःचा लेख पाहताना, योगायोगाने कळले. कापलेल्या मजकुराचा बराचसा भाग आज आपल्याला वाचता येतो तो मुद्रितांचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या कच्च्या छापांचा, एक बांधलेला खंड जपला गेला म्हणून. कागद शिल्लक राहतो, दुसऱ्याच्या कपाटात, तिसऱ्याच्या गावात, आणि म्हणूनच त्याला साक्षीला उभे करता येते. गॅलिलिओने दोन विश्वपद्धतींवरचा आपला संवाद विद्वानांच्या लॅटिनऐवजी लोकांच्या इटालियनमध्ये लिहून १६३२ साली छापला. दुसऱ्या वर्षी त्याच्यावर खटला होऊन पुस्तकावर बंदी आली, पण प्रती आधीच देशोदेशी गेल्या होत्या आणि १६३५ साली स्ट्रासबर्गला त्याचे लॅटिन भाषांतरही निघाले. ई-पुस्तकाच्या बाबतीत आपण घेतो तो वाचण्याचा परवाना असतो. २००९ साली एका मोठ्या विक्रेत्याने हक्कांच्या वादामुळे ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तके त्यांच्या यंत्रांवरून दुरूनच काढून घेतली होती. नंतर पैसे परत केले, क्षमाही मागितली, पण असे करता येते हे तेव्हा सगळ्यांना दिसले. म्हणून कुलूप नसलेली, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरही उघडता येणारी, फाइल देणाऱ्या प्रकाशकाकडून पुस्तक घेता येत असेल तर तेच घ्यावे आणि तिची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

मग हे यंत्र घ्यावे का? चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, कथनाच्या अंगाने लिहिलेला इतिहास आणि निबंध यांच्यासाठी निःशंकपणे घ्यावे. या प्रकारांत मला कागदाची उणीव क्वचितच भासली आणि एरवी हाती लागली नसती अशी कित्येक पुस्तके वाचून झाली. कोश, नकाशे, शरीररचना, वनस्पती, गणित, अर्थशास्त्रातली आकडेवारी यांसाठी घेऊ नये, किंवा घ्यायचेच असेल तर दहा इंचांहून मोठ्या पडद्याचे घ्यावे. त्यावर मूळ पान जसेच्या तसे बरेचसे मावते, मात्र ते एका हातात धरून वाचता येत नाही. पुस्तक विकत घेण्याआधी नमुन्याचा भाग उतरवून घ्यावा आणि त्यात टिपांचे आकडे उघडतात का, अनुक्रमणिकेत सूचीचा उल्लेख आहे का, छापील पानांचे क्रमांक दिले आहेत का, हे पाहावे. नमुन्यात बहुधा शेवटची पाने नसतात, पण अनुक्रमणिका असते आणि तेवढ्यावरून प्रकाशकाने किती काळजी घेतली आहे याचा अंदाज येतो. मराठी प्रकाशकांना विशेष विनंती अशी, की ई-आवृत्तीतून सूची गाळू नये, कारण वर सांगितलेल्या सामान्यरूपांमुळे आपल्या वाचकाला तिची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

मी स्वतः यंत्र ठेवले आहे आणि रोज वापरतो. ज्या पुस्तकाच्या टिपा पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात त्याची कागदी प्रत ग्रंथालयातून आणतो आणि यंत्रावर त्याच पुस्तकाच्या टिपांचे पान उघडून शेजारी ठेवतो, म्हणजे बोट मजकुरात आणि डोळा संदर्भावर असे दोन्ही साधते. स्नो यांचे पुस्तक यंत्रावरच वाचले, पण नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला. तो माझ्या टेबलावर पसरलेला असतो, आणि काळ्या रेघांच्या दाटीत त्या कारखान्याची कोरी जागा आता खुर्चीत बसल्या बसल्या दिसते.